गंडकीला पाणी मागणारा

पावसाळ्यात मरणारी माणसं कोणाला त्रास देत नाहीत, असं हुमनाथ ढकाल म्हणायचा. असार-साउनात धरण तुडुंब भरतं, वीज कंपनीला दारं उघडावीच लागतात आणि गंडकी पूर्वीसारखी दोन्ही काठांना धडका देत घाटाखालून जाते. त्या दिवसांत ज्याला जायचं त्याने खुशाल जावं. आमच्यात जीव जाताना पाय गंडकीत असावे लागतात, आणि तेव्हा पाय पाण्यात, तोंडात तुळशीचं पाणी, सगळं कसं बिनबोभाट. पण थंडीचा मंसिर लागला की नदी बोगद्यात शिरते. धरणापासून वीजघरापर्यंत ती डोंगराच्या पोटातून जाते आणि मधल्या चौदा किलोमीटरांत नुसते धोंडे उरतात. आमचं बाँसकटेरी त्या चौदा किलोमीटरांच्या बरोबर मध्यावर आहे. त्यामुळे मंसिरापासून जेठापर्यंत ज्याला मरायचं असेल, त्याला आधी हुमनाथला गाठावं लागायचं.

हे काम त्याने हौसेने घेतलेलं नव्हतं. त्याची पाणचक्की होती, बापाच्या वेळची. नुसत्या आवाजावरून पाणी केवढं आलंय आणि पीठ जाडं पडतंय की बारीक, हे तो अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचा. नदी बोगद्यात गेली आणि जातं जागच्या जागी बसलं. त्या पहिल्याच हिवाळ्यात गावातल्या तीन म्हाताऱ्या माणसांनी कोरड्या धोंड्यांवर पाय ठेवून जीव सोडला, तेव्हा गाव धरणावर चालून गेलं. तिथला साहेब माणूस भला होता. म्हणाला, वॉर्डातून मृत्यूचा दाखला आणा, त्याच दिवशी पाणी सोडतो. यावर एका म्हातारीने विचारलं, की दाखला मिळाल्यावर पाय बुडवायचे ते कोणाचे, साहेबांचे का? साहेब ओशाळला. शेवटी असं ठरलं की दाखला नको, गावातल्या एका भरवशाच्या माणसाने फोन करून नाव आणि वय सांगावं, तीन तास पाणी मिळेल. भरवशाचा माणूस कोण म्हटल्यावर सगळ्या माना हुमनाथकडे वळल्या. चक्की बंद पडलेल्या माणसाला वेळच वेळ, आणि पाण्यातलं त्याला कळतं, एवढा सरळ विचार होता.

बोलायला सोपं, करायला नाकी नऊ. धरणातून सोडलेलं पाणी आधी वाटेतले डोह भरतं, मग वाळू आपला वाटा पिऊन घेते, आणि घाटापर्यंत पोचायला त्याला अडीच तास लागतात. शिवाय दुपारनंतर दार उघडत नाहीत. संध्याकाळी काठमांडूत दिवे लागतात, भाताचे कुकर लागतात, त्यासाठी धरणात पाणी राखून ठेवावं लागतं. तेव्हा त्यांना थेंबही जड. म्हणून फोन व्हायला हवा सकाळी अकराच्या आत. म्हणजेच आज दुपारी कोण जाणार, हे हुमनाथने सकाळी सांगायचं. ब्रह्मदेवाने जे कोणाला सांगितलं नाही, ते गाव त्याच्याकडून अकराच्या आत मागत होतं.

सुरुवातीला त्याची चांगली फजिती झाली. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले खनाल सुबेदार दोन दिवस डोळे उघडत नव्हते. हुमनाथने फोन केला, पाणी आलं, सुबेदारांना घाटावर नेऊन त्यांचे पाय पाण्यात ठेवले. माघातलं बर्फाचं पाणी ते. सुबेदार ताडकन उठून बसले, मला नदीत ढकलायला कोणी सांगितलं म्हणून सगळ्यांच्या आयमायचा उद्धार केला आणि विडी मागितली. पुढे चांगली दोन वर्षं जगले. वाटेत भेटले की हटकायचे, "काय रे हुमनाथ, परत कधी बोलावतोस पाणी? अंघोळ राहिलीय माझी." गाव पोट धरून हसायचं. कंपनीने मात्र पत्र पाठवलं, की यापुढे खात्री असल्यासच कळवावे. खात्री म्हणे! कागदावर लिहायला यांचं काय जातं.

मग तो शिकत गेला. नाक किंचित वाकडं होतं, कानाची पाळी मुरडते, माणूस गोधडीवरचं काहीतरी वेचत असल्यासारखी बोटं हलवायला लागतो. पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं तर रंग परतायला किती वेळ लागतो, ते बघायचं. अकरा वर्षांत त्याची नजर अशी बसली की आरोग्य चौकीतली नर्ससुद्धा त्यालाच विचारायची. पण असल्या नजरेच्या माणसाला घरात कोण घेणार? तो संत्री घेऊन कोणाच्या समाचाराला गेला तर आजारी माणूस भिंतीकडे तोंड फिरवायचा. एकीने तर तोंडावर विचारलं, "बघायला आलास की जोखायला?"

त्यात तो भोंगा. पाणी सोडायच्या आधी कंपनी भोंगा वाजवायची, नदीच्या पात्रातल्या वाळू काढणाऱ्यांनी आणि गुराख्यांनी बाहेर पडावं म्हणून. हिवाळ्यात भोंगा झाला की खोरंभर लोक एकमेकांना विचारायचे, कोण? ज्याच्यासाठी वाजला त्यालाही तो ऐकू जायचाच. काहीजण तर भोंगा ऐकूनच गेले. हे पाप कोणाच्या माथी, असं हुमनाथ बायकोला विचारायचा, आणि ती म्हणायची, जेवा आता, भात निवतोय.

तीनदा त्याने हे काम सोडायचा प्रयत्न केला. त्याचा पुतण्या वामदेव वॉर्डाचा सभासद होता. तिन्ही वेळा त्याने सगळ्यांना बोलावलं, चहा पाजला आणि "काका, तुमचा हात चांगला आहे" असं म्हणून विषय मिटवला. मरणाला कसला आलाय चांगला हात! खरं एवढंच होतं की आमच्यापैकी दुसरा एकही जण तयार नव्हता. हुमनाथची एकुलती एक मुलगी गोमा चितवनला दिलेली. हिवाळ्यात तिच्याकडे आठ दिवस राहून यावं, तिथल्या उन्हात बसावं, असं त्याला दरवर्षी वाटायचं आणि दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या घरचं माणूस अंथरुणाला खिळलेलं असायचं. सदुसष्टाव्या वर्षी तो नव्वदीचा दिसायला लागला होता. थकवा पायांत नव्हता. पायांनी तो अजून डोंगर चढायचा. थकलं होतं ते दुसरंच काहीतरी.

धरणावर फोन घ्यायला श्यामसुंदर लाभ नावाचा माणूस असायचा, जनकपूरकडचा. आठ वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. बोलणं ठरलेलं. लाभ म्हणायचा, बा, कोण? हुमनाथ नाव सांगायचा, वय सांगायचा, मग म्हणायचा, पाणी सोडा. लाभ म्हणायचा, सोडतो. संपलं. आठ वर्षांत कोणी कोणाची खुशाली विचारली नव्हती. असल्या फोनवर ती विचारायची तरी कशी?

आणि मग हुमनाथच्या बायकोवर, देवकावर वेळ आली. चाळीस वर्षांच्या चुलीच्या धुराने तिची छाती खाल्ली होती. पुसात पोखऱ्याच्या इस्पितळाने तिला घरी पाठवलं. डॉक्टर म्हणाला, आता आवडेल ते खाऊ घाला. देवका शहाणी बाई, तिला याचा अर्थ दुसऱ्या कोणी सांगावा लागला नाही. घरी आल्यावर तिने नवऱ्याजवळ एकच गोष्ट मागितली.

"गोमाचे बा, मला गंडकीत पाय ठेवून जायचंय. तांब्याने नळाचं पाणी ओतून वाटेला लावू नका मला."

"आपल्या घरात पाण्याची काळजी कशाला करतेस?" हुमनाथ म्हणाला.

ते खरंच होतं. गावात ज्या एका मरणाला पाणी चुकणार नाही अशी सगळ्यांना खात्री होती, ते देवकाचं.

माघ लागला. गोमा चितवनहून येऊन राहिली. देवकाचा दम वाढत गेला, बोलणं तुटक झालं, आणि गावातल्या पोराटोरांनाही कळायला लागलं की आता थोडेच दिवस. कळत नव्हतं ते एकट्या हुमनाथला. तिचं नाक वाकडं दिसायला लागलं, तर तो म्हणाला, तिचं नाक माहेरहूनच तसं आहे. नखाचा रंग लवकर परतेना, तर म्हणाला, हात गारठलेत. ती गोधडीवरून बोटं फिरवायला लागली, तेव्हा त्याने गोधडी उन्हात नेऊन झटकली आणि गोमाला दाखवली, की हा बघ, कापूस निघालाय, तोच वेचत होती.  गोमाला बापाकडे बघवेना, ती आत जाऊन भांडी घासत बसली.

एके दिवशी वामदेव सकाळीच येऊन ओसरीवर बसला. त्याने आधी हवापाण्याचं काढलं, मग मुद्द्यावर आला.

"काका, आज फोन करा. काकींचं काही खरं नाही."

"आज नको. सकाळी दोन चमचे जाउलोचा मऊ भात खाल्लाय तिने."

"दुसऱ्याच्या घरचं माणूस असतं तर तुम्ही कालच केला असता."

"दुसऱ्याच्या घरी मी नवरा नसतो," हुमनाथ म्हणाला, आणि उठून गोठ्यात गेला.

अकरा वाजून गेले की त्याला हायसं वाटायचं. आज आता फोन करून उपयोग नाही, म्हणजे आज काही ठरवायचं नाही. तो देवकाजवळ बसून संत्र्याच्या फोडी सोलायचा, एकेक धागा काढून. पण दुपार कलली की त्याला दुसरीच भीती धरायची. आता जर ही गेली तर कोरडीच जाईल. मग तो तिच्या छातीकडे बघत राहायचा, श्वास वर गेला की खाली येईपर्यंत. सगळ्या गावाला वेळेवर पाणी दिलं आणि घरचीला कोरडं धाडलं, असं लोक म्हणतील, याचं त्याला काही नव्हतं. तिने एक गोष्ट मागितली होती, तीही तो देऊ शकणार नाही की काय, याने तो आतून सोलून निघत होता. असे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमाराला तो फोन घेऊन अंगणात गेला. नंबर लावला. लाभ म्हणाला, बा, कोण? हुमनाथने तोंड उघडलं आणि विचारलं, तिकडे थंडी कशी आहे?  लाभ म्हणाला, आहे बा, बरीच आहे. हुमनाथ म्हणाला, बरं, सहजच केला होता, आणि फोन बंद केला. पाणी सोडा, एवढे दोनच शब्द. माणसावर पाणी सोडणं म्हणजे काय, हे अकरा वर्षं हजारदा तोंडातून काढूनही त्याच्या कानांवर कधी पडलं नव्हतं. आज पडलं.

तो आत आला. देवका उशांना टेकून बसली होती. खिडकी उघडीच होती, त्यामुळे तिने सगळं ऐकलं होतं.

"काय म्हणतोय लाभबाबू?"

"काही नाही. थंडी आहे म्हणतो."

"द्या तो फोन इकडे."

त्याला वाटलं, तिला बहिणीशी बोलायचं असेल. त्याने दिला. तिने तो गोमाच्या हातात ठेवला आणि मघाचाच नंबर लावायला सांगितला. गोमाने बापाकडे बघितलं, मग आईकडे, आणि लावला. देवका एकेका शब्दाला थांबून बोलायला लागली.

"ढकालांच्या घरून बोलतेय, बाबू. बाँसकटेरी घाट. नाव लिहून घे. देवका ढकाल. वय चौसष्ट. पाणी सोड."

लाभने विचारलं, "आमा, तुम्ही त्यांच्या कोण?"

"कोणी नाही रे. मीच ती."

 लाभ अगदी हळू आवाजात म्हणाला, की आमा, मी सोडलं असतं, पण नियम आहे, बांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला दार उघडता येत नाही. देवकाने फोन नवऱ्यापुढे धरला. तो घेईपर्यंत तिने हात खाली केला नाही.

"घ्या. अकरा वर्षं गावासाठी बोललात. माझ्याच वेळेला तोंडाला कुलूप?"

हुमनाथने फोन घेतला.

"बा," लाभ म्हणाला, "सोडू?"

"हो," हुमनाथ म्हणाला. त्याहून जास्त त्याला जमलं नाही, आणि लाभनेही जास्त काही मागितलं नाही.

पाच-दहा मिनिटांत भोंगा झाला. खोऱ्यातून त्याचा आवाज फिरून परत आला. देवका कान देऊन ऐकत होती. "वाजला," ती म्हणाली, "माझा." गोमाने तोंडात पदर कोंबला.

वामदेव आणि आणखी तिघांनी तिला खाटेसकट उचलून घाटावर नेलं. वजन असं काही उरलंच नव्हतं. सूर्य डोक्यावर यायला लागला होता, तरी पात्रातल्या धोंड्यांच्या सावलीत दहिवर तसंच होतं. गाव जमलं. सगळे वरच्या वळणाकडे बघत उभे राहिले. आजपर्यंत हुमनाथ अशा वेळी लोकांना सूचना द्यायचा, खाट इथे ठेवा, पाय असे धरा, माणूस झटका देईल पण सोडू नका. आज तो देवकाच्या पायाशी बसून होता आणि सूचना वामदेव देत होता, त्याच शब्दांत.

पाणी आलं. आधी दगड घासल्याचा आवाज, मग वाळकी पानं, फेस आणि बाटल्या ढकलत एक मळकट जिभली, आणि मागून हिरवं पाणी. बघता बघता पात्र भरलं. देवकाचे पाय हुमनाथनेच पाण्यात ठेवले. तिने डोळे मिटून घेतले. वामदेवने तिच्या तोंडात तुळशीचं पाणी घातलं, कोणीतरी नारायणाचं नाव घ्यायला लागलं. थोडा वेळ असा गेला. मग देवकाने डोळे उघडले.

"लागलं पाणी," ती म्हणाली. "गार आहे हो फार."

"माघातलं आहे काकी," वामदेव म्हणाला, "जरा सोसा."

हुमनाथने तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ निळे पडले होते आणि दात एकमेकांवर वाजत होते. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला गार लागतंय असं कधी म्हटल्याचं आठवेना. थंडीत पहाटे उठून चूल पेटवणारी तीच असायची. त्याने वाकून तिचे पाय पाण्यातून बाहेर काढले, खांद्यावरच्या शालीने बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसले, आणि कोटाची बटणं सोडून पोटाशी घेतले.

लोकांत कुजबुज झाली. वामदेव खाली बसला.

"काका, हे काय? पाय पाण्यात हवेत. एवढ्यासाठीच तर आणलं."

"तिला थंडी वाजतेय."

"पाणी तीनच तास आहे, काका."

"ते तू मला सांगतोस?" हुमनाथ म्हणाला.

 ज्या पाण्यासाठी त्याने अकरा वर्षं लोकांचे शिव्याशाप खाल्ले, त्या पाण्यावरच त्याने त्या दुपारी पाणी सोडलं. गंडकी दोन हातांवरून जात होती आणि तो तिच्याकडे बघतही नव्हता. देवकाचं दातांचं वाजणं हळूहळू थांबलं. "आता बरं वाटतंय," ती एकदा म्हणाली. नंतर, "लोक बघतायत हो," असंही म्हणाली, पण पाय काढून घेतले नाहीत.

तिकडे दार उघडल्याला तीन तास झाल्यावर लाभचा फोन आला. इतक्या वर्षांत तिकडून आलेला हा पहिलाच. तो चाचरत म्हणाला, की बा, माझी दार बंद करायची वेळ झाली, पण तुम्ही म्हणाल तर वरच्या साहेबांना विचारून बघतो, अर्धा तास आणखी. आमांचं झालं का?

"नाही," हुमनाथ म्हणाला. "अजून आहे ती. तू कर बंद."

दिवस कलला तसं पाणी उतरत गेलं. आधी काठ उघडे पडले, मग मधले धोंडे, मग डोहांपुरतं उरलं. एकेक करून माणसं घराकडे वळली. वामदेव आणि गोमा तेवढे थांबले. देवका गेली ती त्यानंतर तासाभराने, पात्रातली वाळू अजून ओली असताना. गावात यावर दोन तट आहेत. काही म्हणतात तिला पाणी लाभलं, काही म्हणतात शेवटच्या घटकेला पाय कोरडे होते, म्हणजे नाहीच लाभलं. हुमनाथला विचारलं तर तो वाद घालत नाही. जाताना तिचे पाय कोमट होते, असं सांगतो, आणि तेवढंच सांगतो.